वेडाची तालीम

मेजर शिंत्रेबाई नवीन ओळख झाली की आधी माणसाच्या पायांकडे बघत. चपला कुठल्या आणि केवढ्याच्या, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. तो त्या काढतो कसा, हे त्यांना बघायचं असे. "बोलताना सगळेच थोडं सोंग करतात," त्या म्हणत, "चपला काढताना कोण करतंय?" आमच्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्या अर्धा तास आधी येत आणि दाराजवळची खुर्ची पकडत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक बूट काढला होता, तेवढ्यात फोन आला, आणि दुसरा बूट तसाच पायात ठेवून मी पाच मिनिटं बोलत उभा राहिलो होतो. ओळख करून दिल्यावर बाई म्हणाल्या, "घरी बायको ओरडते ना?" ओरडते, असं मी कबूल केलं. चंदीगडमधल्या माझ्या पहिल्या मराठी ओळखीची सुरुवात ही अशी झाली.

बाई मूळच्या गडहिंग्लजच्या. सैन्याच्या नर्सिंग सेवेत त्यांची बावीस वर्षं गेली, आणि त्यातली बहुतेक मानसोपचाराच्या वॉर्डात. लग्न केलं नाही. शेवटची बदली इकडची होती, हवा मानवली, मग सेक्टर छत्तीसमध्ये पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन इथेच राहिल्या. स्वतःबद्दल बोलताना त्या "मी जातो, मी बघतो" असं म्हणत. मोहालीच्या कंपन्यांत नव्याने आलेल्या पुण्याच्या मुलींना वाटे, फौजेत राहून बाईंची भाषा बिघडली. मग एखादा कोल्हापूरकडचा त्यांना सांगे, की आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, फौजेला उगाच नावं ठेवू नका. थंडीत साडीवर फौजी हिरवा स्वेटर आणि त्यावर मफलर असा त्यांचा थाट असे. त्या हसत कमी, पण समोरच्याला हसवून आपण कोरड्या चेहऱ्याने चहा पीत.

वेडाचं सोंग घेणारे फौजी त्यांनी पोत्याने पाहिले होते. रजा हवी, बदली नको, एखादी चौकशी टाळायची, कारणं ठरलेली. अशा माणसाला वॉर्डात ठेवत आणि बाईंनी आठ-दहा दिवस त्याच्याकडे बघून वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. एका हवालदाराचा किस्सा त्या नेहमी सांगत. हा गडी झाडाला सॅल्यूट मारायचा आणि बादलीतलं पाणी ओंजळीने प्यायचा. एकदा बाई त्याच्या खाटेजवळ उभ्या राहून दुसऱ्या नर्सला मोठ्याने म्हणाल्या, "या आजारात माणसाला कडू-गोड काही कळत नाही बघ." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या ताटात कच्च्या कारल्याच्या चकत्या वाढल्या. पठ्ठ्याने एक एक करून सगळ्या चावल्या, डोळ्यांतून पाणी काढत, हसत हसत.

"मग काय लिहिलंत वहीत?" आम्ही विचारायचो.

"लिहिलं, की माणूस शहाणा आहे, पण एवढं कारलं खातोय म्हणजे घरी काहीतरी मोठं झालंय. रजा द्यावी." त्याची बायको बाळंतपणात अडली होती आणि तीन अर्ज नामंजूर झाले होते, हे नंतर कळलं. ही गोष्ट सांगून झाली की बाई चहाचा कप खाली ठेवत. याच वॉर्डातली दुसरी एक गोष्ट त्यांनी पुष्कळ वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. ती पुढे येईल.

आमच्या मंडळात नाटक बसवणं हे एक दिव्यच असतं. निम्मी मंडळी सैन्यातली आणि हवाई दलातली. राजा बसवला, की त्याची तेजपूरला बदली होते. उरलेली मोहालीच्या आयटी कंपन्यांतली, ती शिफ्ट बदलली की गायब होतात. शिवाय आमच्यासारखे सेक्टर एकोणचाळीसच्या संशोधन संस्थेतले लोक, ज्यांना पाठांतर जमत नाही. तरीही त्या वर्षी आमचे अध्यक्ष बर्वेसाहेब यांनी हट्ट धरला. हे हवाई दलातून निवृत्त झालेले ग्रुप कॅप्टन. त्यांनी एक जुनी परदेशी शोकांतिका स्वतः मराठीत उतरवली होती. त्यात एक राजपुत्र बापाच्या खुनाचा छडा लावण्यासाठी वेड पांघरतो, आणि त्याच्यावर जीव लावून बसलेली मुलगी त्या भानगडीत खरोखर वेडी होते. वाचन झालं आणि सगळ्यांच्या माना दाराजवळच्या खुर्चीकडे वळल्या. एक वेड खोटं, एक खरं. हे बसवायला बाईंखेरीज दुसरं कोण मिळणार होतं?

"मी नाटकं फार बघितली नाहीत," बाई म्हणाल्या. "वेडी माणसं बघितलीत. चालत असेल तर बसवतो."

तालमी मोहालीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये सुरू झाल्या. डिसेंबरची थंडी, कोपऱ्यात एक हीटर, आणि त्याच्याभोवती भुईमुगाच्या शेंगा आणि तीळगुळाची गजक खात बसलेला सगळा राजदरबार. मी प्रॉम्प्टर होतो. अभिनय येत नाही पण मंडळात तर राहायचंय, अशा माणसासाठी ही जागा राखीव असते.

वेड्या मुलीचं काम ऋचा करत होती, हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची बायको. पहिल्याच तालमीला ती केस मोकळे सोडून, डोळे गरागरा फिरवत, खदाखदा हसत आली. आम्हाला ते झकास वाटलं. बाईंनी तिला थांबवलं.

"केस बांध."

"मॅडम, पण ती वेडी झालीय ना?"

"आपण तिला वेडी म्हणतोय. तिला स्वतःला ती अगदी नीट वाटतेय. उलट बाकीच्यांचंच काहीतरी बिघडलंय असं तिला वाटतंय." बाईंनी पिशवीतून एक टॉवेल काढून तिच्या हातात दिला. "याची घडी घाल. जमली नाही असं वाटलं की मोड, परत घाल. तोंडाने तुझी वाक्यं म्हण. एवढंच."

ऋचाने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. चौथ्या-पाचव्या वेळेला हॉलमधलं शेंगा फोडणं थांबलं. वाक्यं तीच होती, पण आता नाटकातली ती मुलगी तिच्या गेलेल्या बापाचे कपडे आवरतेय असं वाटायला लागलं. माझ्या हातातल्या वहीवरची ओळ मी चुकलो. तालीम संपल्यावर ऋचा कोपऱ्यात जाऊन रडली आणि बाईंनी तिला चहा नेऊन दिला.

राजपुत्र होता सौरभ गावंडे. मूळचा अकोल्याचा, वय एकतीस, मोहालीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत, काम घरूनच. एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर एकटा राहायचा. सभ्य, वेळेवर येणारा, पाठांतर चोख असलेला मुलगा होता, आणि सुरुवातीला त्याचं काम अगदीच सपक होतं. सोंग घेतलेलं वेड त्याला दाखवताच येईना. बाई म्हणाल्या, राहू दे, येईल. जानेवारीत ते एकदम आलं. डोळ्यांत काहीतरी चमकायला लागलं, आवाज खाली गेला, आणि तो वहीत नसलेली वाक्यं बोलू लागला.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी. तालमीत कुणी पदरचं वाक्य घातलं आणि त्याला दाद मिळाली, तर प्रॉम्प्टरने ते लाल शाईने वहीत चढवायचं. पुढच्या वेळी नट ते विसरला तर त्याला आठवण करून देता यावी, म्हणून. सौरभची वाक्यं तर अशी होती की टाळ्याच पडत. "वरच्या मजल्यावर पावलं वाजतात. मी थांबलो की तीही थांबतात." "या भिंती माझ्या आधी माझं वाक्य म्हणतात." बर्वेसाहेब तर खूश होऊन म्हणाले, हे मूळ नाटककाराला सुचलं नाही. मी भक्तिभावाने सगळं लिहून घेत होतो. बाईही समोर बसून टाळ्या वाजवत होत्या. इतक्या रंगलेल्या मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

प्रयोगाला आठ दिवस उरले असताना, एका शनिवारी माझा घसा बसला. बाई म्हणाल्या, "द्या ती वही, आज मी बसतो." दुपारची तालीम होती. मी हीटरजवळ गप्प बसून होतो, त्यामुळे मला बाई दिसत होत्या. पहिला अंक त्यांनी नीट प्रॉम्प्ट केला. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर त्यांनी पान उलटलं, पुन्हा मागे गेल्या, चष्मा पुसला, आणि मग त्यांनी स्टेजकडे बघणंच सोडलं. नटाला वाक्य मिळेना तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. लाल शाईच्या एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"सायंटिस्ट, हे खोडलंय. खाली काय होतं?"

ओळ होती, "वरच्यांचं घड्याळ माझ्या झोपेवर चालतं." घड्याळाच्या जागी मी काहीतरी खोडलं होतं.

"मीटर," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "तो मीटर म्हणाला होता. राजवाड्यात विजेचं मीटर कसं असेल, म्हणून मी घड्याळ केलं."

"आणि हे?"

"लिफ्ट. मी जिना केलं."

"हे?"

"ते... जेवण आणून देणाऱ्या पोराबद्दल काहीतरी होतं. तो डबा देताना दारावर खूण करून जातो, असं. मी सेवक केलं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मला कळलं. तीन आठवडे एक माणूस आमच्यासमोर उभा राहून त्याच्या सातव्या मजल्यावर काय चाललंय ते सांगत होता, आणि मी त्याची भाषा राजवाड्याला शोभेल अशी करत होतो.

"तारखा टाकल्यात तुम्ही प्रत्येक ओळीपुढे," बाई म्हणाल्या. "हे नाटक नाही हो. ही पेशंटची केसशीट आहे."

संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिघं बाईंच्या घरी बसलो, बर्वेसाहेब, बाई आणि मी. तोपर्यंत बाईंनी सौरभच्या अकोल्याच्या भावाला फोन लावला होता. घरच्यांशी तो महिनाभर बोललाच नव्हता, नुसते "कामात आहे" असे मेसेज पाठवत होता. भाऊ सोमवारी विमानाने पोचणार होता. सोमवारपर्यंत थांबावं का, हा पहिला प्रश्न. बाई म्हणाल्या, नाही. ताज्या ओळींत तो म्हणतोय की वरच्यांनी त्याला आता शेवटची मुदत दिलीय. मुदतीला काय करायचं ते त्याने ठरवलं असेल, तर आपल्याला ते कळणार नाही.

बर्वेसाहेब भला माणूस. ते म्हणाले, "सोपं आहे. उद्या त्याला सांगू, की भूमिकेच्या अभ्यासासाठी सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्ड बघायला जाऊ. तिथे गेल्यावर डॉक्टर बघतील पुढचं. ही वॉज ऑलवेज अ सिन्सियर अ‍ॅक्टर, येईल."

मलाही ते पटलं. बाईंनी मान हलवली.

"सोंग घेऊन नेलं, तर तिथे पोचल्यावर त्याला काय दिसेल? की तो म्हणत होता ते खरंच होतं. सगळे मिळून त्याला फसवत होते. मग औषध कोण घेईल? आयुष्यात कुणावर विश्वास ठेवेल तो?"

"आणि खरं सांगितलं आणि तो उठून गेला तर?" बर्वेसाहेबांचा आवाज चढला. "मग काय करणार तुम्ही? सातव्या मजल्यावर राहतो तो मुलगा, बाई!"

तेव्हा त्यांनी ती दुसरी गोष्ट सांगितली. वॉर्डात मराठवाड्यातला एक जवान आला होता. खाट व्यवस्थित लावायचा, वेळेवर जेवायचा, दाढी करायचा. एकदाच डॉक्टरांना म्हणाला, की खिडकीत कुणीतरी उभं असतं. आणि मग घाईने म्हणाला, नाही साहेब, काही नाही. बाईंनी दहा दिवस बघून लिहिलं, निरीक्षणात काही आढळलं नाही, सोंग असावं. त्याला युनिटला परत पाठवलं. परत गेल्यावर बाराव्या दिवशी त्याने जीव दिला.

"खोटा वेडा वेड दाखवतो," बाई म्हणाल्या. "खरा लपवतो. दहा दिवस तो पोरगा माझ्यासमोर शहाण्याचं सोंग करत होता, आणि मी ते बघून लिहिलं, हा वेड्याचं सोंग करतोय. मला ठाऊक होतं सगळं, तरी चुकलो. आणि आताही बघा. तीन आठवडे नाटक बघत बसलो आणि माणूस बघायचा राहिला."

त्यांचा आवाज स्थिर होता, पण कपातला चहा तसाच गार झाला होता. बर्वेसाहेब उठले आणि म्हणाले, "प्रयोग रद्द. तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी सकाळी दहाला बाईंनी सौरभला हॉलवर बोलावलं. वाक्यांबद्दल बोलायचंय, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. बाहेर दाट धुकं होतं. बर्वेसाहेब खाली गाडीत बसून राहिले. तो दहाला पाच कमी असताना आला. बूट काढले नाहीत. जॅकेट घालूनच, किल्ल्या हातात धरून, दाराकडे पाठ होणार नाही अशा बेताने बसला. चेहरा ओढलेला होता. रोज बघत होतो तोच चेहरा. मला तो "भूमिकेत शिरलेला" वाटत आला होता.

"सौरभ," बाई म्हणाल्या, "तू जी वाक्यं घालतोस ना, ती नाटकातली नाहीत. तुझी आहेत. तुझ्या घरातली आहेत. मला वाटतं, तू आजारी आहेस आणि खूप घाबरलायस. मला तुला आज डॉक्टरकडे न्यायचंय."

तो उठून उभा राहिला. "कोण म्हणून राहिलं असं? यांनी सांगितलं?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग त्याची नजर टेबलावरच्या वहीवर गेली. त्याने ती उचलली. पानं उलटली. लाल ओळी, तारखा, त्याचा प्रत्येक शब्द.

कुणीतरी आपलं बोलणं टिपून घेतंय, हीच तर त्याची भीती होती. आणि हा बघा पुरावा, माझ्या सुवाच्य अक्षरात.

"सगळं लिहून घेतलं तुम्ही," तो हळू म्हणाला. "तारखा टाकून. मले माहीत होतं. मी म्हणत होतो ना, कोणीतरी लिहून राहिलं. वरच्यांनी लावलं तुम्हाला या कामावर?"

मी तोंड उघडलं ते काहीतरी थाप मारायलाच. नाही रे, ते आपलं असंच, नाटकासाठी. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. "खरं सांगा," त्या म्हणाल्या. "सगळं. त्याला सांगा, मला नको."

मी सांगितलं. की हो, मी लिहीत होतो. तू जे बोललास ते रोज लिहिलं, तुला न विचारता. मला कुणी पाठवलं नव्हतं. मला वाटलं, पोरगा काय झकास वाक्यं घालतोय. मीटर राजवाड्यात शोभत नाही म्हणून मी घड्याळ केलं. मी मूर्ख आहे, हे शेवटचं वाक्यही मी म्हटलं.

सौरभ दार आणि खुर्ची यांच्यामध्ये उभा होता. तो आता जाणार, पायऱ्या उतरणार, धुक्यात नाहीसा होणार, असं मला प्रत्येक क्षणी वाटत होतं. बाई उठल्या नाहीत, दाराकडे सरकल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"म्हणजे," तो म्हणाला, "कोणीतरी लिहून घेत होतं, हे खरं होतं."

"हे खरं होतं," बाई म्हणाल्या. "एवढं तुला बरोबर कळलं होतं."

"मले सगळे म्हणतात, असं काही नसते. भाऊ म्हणतो, ऑफिसमधले म्हणतात."

"मी म्हणत नाही. जेवढं होतं तेवढं होतं."

"मग वरचे?"

"वरच्यांचं मला ठाऊक नाही. मी ऐकलं नाही, आणि मला वाटत नाही की कुणी आहे. पण तुला ऐकू येतंय, यात खोटं काही नाही. तुझ्याइतकं दमलेलं माणूस मी फार दिवसांत बघितलं नाही. तू ऑफिसात, फोनवर, इथे, सगळीकडे बरं असल्याचं सोंग करतोयस. आणि फक्त स्टेजवर खरं बोलतोयस. किती दिवस करशील?"

त्याच्या हातातल्या किल्ल्या वाजायला लागल्या. "तुम्ही राहाल तिथे?" त्याने विचारलं.

"मी बसतो शेजारी. तू जा म्हणशील तेव्हाच उठतो."

"हे लिहिणार नाहीत ना काही?" हे माझ्याबद्दल होतं.

"वही तू ठेव," मी म्हणालो.

गाडीत तो ती वही छातीशी धरून बसला होता. धुक्यामुळे बर्वेसाहेब वीसच्या वेगाने चालवत होते. प्रत्येक लाल दिव्याला तो दाराच्या कडीला हात लावायचा आणि बाई सांगायच्या, "हे सिग्नल आहे. साठ सेकंद. मग हिरवा." कुठे वळणार, किती वेळ लागणार, तिथे आधी कोण भेटणार, सगळं त्या आधी सांगत होत्या. असं करत आम्ही सेक्टर बत्तीसला पोचलो.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने शांतपणे सगळं विचारलं. सौरभ मधेच सावरून बसला आणि एकदम नीट, हसून उत्तरं देऊ लागला. नोकरी चांगली आहे, झोप होते, थोडा स्ट्रेस आहे. इतकं बेमालूम, की मला स्वतःचीच शंका आली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाईंकडे वळून विचारलं, "मॅम, आप लोग ड्रामा वाले हो ना? रोल के चक्कर में तो नहीं? कहीं अ‍ॅक्टिंग तो नहीं कर रहा?"

बाईंचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी त्याआधी आणि नंतरही बघितला नाही.

"कर रहा है बेटा," त्या म्हणाल्या. "अभी आपके सामने कर रहा है, ठीक होने की. बीमारी सच है. मेरे नाम से लिखो. मेजर शिंत्रे, साइकियाट्री वॉर्ड, बाईस साल." डॉक्टरांनी लिहीपर्यंत त्या टेबलाजवळून हलल्या नाहीत. ते ऐकून सौरभच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि स्वतःच वही पुढे केली.

त्याला दाखल करून घेतलं. सोमवारी भाऊ आला. काही आठवड्यांनी सौरभ अकोल्याला गेला आणि पावसाळा संपल्यावर परत मोहालीत आला, या वेळी तळमजल्यावरच्या घरात, दोन मित्रांबरोबर. नाटक झालंच नाही. मंडळात काही दिवस कुरबुर झाली, की बाईंनी राईचा पर्वत केला, ऐन वेळी नाटक बुडवलं. बाईंनी कुणालाही उत्तर दिलं नाही. दर महिन्याच्या तपासणीला त्या सौरभबरोबर जात आणि बाकावर स्वेटर विणत बसत. तो आत एकटाच जाई. त्याचं काय चाललंय असं मी विचारलं, की "त्याला विचारा," एवढंच म्हणत. सौरभने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. भेटला की हसतो. तारीखवार लिहिण्याची माझी सवय मात्र कायमची सुटली.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे फारच कुरकुरायला लागले आणि भाचीने त्यांना गडहिंग्लजला बोलावून घेतलं. दिल्लीच्या गाडीला सोडायला मी, बर्वेसाहेब, ऋचा आणि सौरभ स्टेशनवर गेलो. लख्ख सकाळ होती. बर्वेसाहेब आणि ऋचा सामान लावत होते. बाई खिडकीशी बसल्या होत्या, सौरभ बाहेर फलाटावर उभा होता, दोघांमध्ये ती न उघडणारी काच. मग तो आत डब्यात चढला, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला. पाण्याची बाटली घेऊन मीही आत गेलो आणि पाठीमागे उभा राहिलो. बाईंनी त्याला काहीही विचारलं नाही.

तोच म्हणाला, "मावशी, गेल्या आठवड्यात दोन दिवस पुन्हा ऐकू आलं."

बाई वळून बघायला लागल्या.

"तुम्ही जाणार म्हणून सांगणार नव्हतो. मग सांगितलं. डॉक्टरांना फोन केला, भावाला केला. गोळी वाढवली त्यांनी. आता तुम्हाला सांगून राहिलो."

मी मेजर शिंत्रेंना कधीच रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या रडल्याही नाहीत. त्यांनी फक्त त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ठेवला. "कुणी विचारायच्या आधी सांगितलंस," त्या म्हणाल्या. "आता मी जातो निवांत."

गाडीने शिट्टी दिली आणि आम्ही सगळे घाईघाईने खाली उतरलो. डबा पुढे सरकला तेव्हा मी काचेतून पाहिलं. बाई मान मागे टेकवून, डोळे मिटून बसल्या होत्या, आणि समोरून जाणाऱ्या कुणाच्याही पायांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.